अक्कलकोट रस्त्यावरचं स्टॅम्प काँक्रीट: एका अडकलेल्या बिलाचं प्रकरण

सोलापुरातल्या अक्कलकोट रस्त्यावर एका मंगल कार्यालयाचं अंगण, 3,200 चौरस फूट. दगडी फरशीसारखं दिसणारं, विटकरी-तपकिरी रंगाचं स्टॅम्प काँक्रीट (ओल्या काँक्रीटवर रबरी मॅट दाबून ठसे उठवलेलं) करायचं ठरलं. दर 125 रुपये चौरस फूट, म्हणजे काम चार लाखांचं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात माल ओतला. मे संपता संपता अंगणात एकाच रंगाच्या तीन छटा दिसायला लागल्या. वर पांढरट थर आला, चार ठिकाणी तडे गेले आणि मालकांनी शेवटचे एक लाख रुपये रोखून धरले. ठेकेदार म्हणत होता, माल चांगला होता, पाणी मालकांच्या माणसांनी बिघडवलं. मालक म्हणत होते, रंग उडाला, पैसे कसले मागतोस? दोघांच्याही ओळखीचा आणि अशा कामांची पाहणी करणारा म्हणून मला बोलावणं आलं. दोघांच्या संमतीने हे लिहितो आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.

मला हे प्रकरण महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडे डेकोरेटिव्ह काँक्रीटची कामं आता फार्महाऊस, बंगले, कार्यालयं, हॉटेलं अशी सगळीकडे निघताहेत. ती करणारी पोरं हुशार आहेत, कष्टाळू आहेत. पण डिझाइनचं पुस्तक दाखवून काम घ्यायचं आणि बाकी सगळं तोंडी ठेवायचं, या पद्धतीत त्यांचं कंबरडं मोडतंय.

मुळात स्टॅम्प काँक्रीटच का

मालकांसमोर तीन पर्याय होते. शहाबादी फरशी आपल्याला जवळची आणि स्वस्त, पण काळ्या मातीच्या पट्ट्यात ती दोन पावसाळ्यांत वरखाली होते, सांध्यांतून गवत येतं. पेव्हर ब्लॉकवर केटररचे टेम्पो फिरले की चाकांच्या रेषेत खड्डा पडतो. उरलं ते दगडी दिसणारं, पण अखंड काँक्रीट. ही निवड बरोबरच होती, आजही मी तिच्या बाजूने आहे.

ठेकेदार तिशीतला. चिंचोळी आणि अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत गोडाऊनचे ट्रिमिक्स फ्लोअर करून त्याचा हात चांगला बसलेला. लेव्हल काढण्यात तर त्याला तोड नाही. रबरी मॅट वापरायचं शिक्षण त्याने पुण्यात, माल विकणाऱ्यांकडेच घेतलं. एक गोष्ट मात्र त्याला कुणी नीट सांगितली नव्हती. ट्रिमिक्समध्ये जास्तीचं पाणी व्हॅक्यूमने ओढून घेता येतं आणि पॉवर ट्रॉवेल (पृष्ठभाग घोटायचं मशीन) तासभर उशिरा फिरवला तरी काम सावरता येतं. स्टॅम्पिंगला अशी सवलत नाही. काँक्रीटवर बोट दाबल्यावर तीन ते सहा मिलिमीटर खळगा पडतो आणि बोटाला राड चिकटत नाही, तो वेळ साधायचा. त्याआधी मॅट टाकली तर काठ कोसळतात, नंतर टाकली तर ठसाच उठत नाही.

ओतण्याचा दिवस

त्या दिवशी काय झालं हे मला माणसांच्या सांगण्यापेक्षा त्यांच्या फोनमधल्या फोटोंवरून नीट कळलं. प्रत्येक फोटोवर वेळ असते. ठेकेदाराचा मुकादम, मालकांचा पुतण्या आणि आचाऱ्यांचा एक पोरगा, तिघांचे फोटो वेळेप्रमाणे लावले आणि दिवस समोर उभा राहिला.

100 मिलिमीटर जाडीच्या हिशेबाने तीसेक घनमीटर माल लागत होता, म्हणजे आरएमसीच्या (प्लांटमधून तयार येणाऱ्या काँक्रीटच्या) सहा-सहा घनमीटरच्या पाच गाड्या. एका गाडीत साधारण 640 चौरस फूट भरतं. पहिली गाडी सकाळी सातला यायची ती साडेआठला आली. दुसरी तिच्यामागे लगेच. या दोन गाड्यांचं अंगण सुरेख झालंय. ठसे धारदार, कोपऱ्यांवर लवचीक मॅट व्यवस्थित दाबलेली. मग तिसरी आणि चौथी गाडी पाठोपाठ येऊन उभ्या राहिल्या आणि पाचवी साडेबारानंतर लागली.

एप्रिलअखेर सोलापुरात पारा 40 च्या वर जाणं नेहमीचं. हवा कोरडी आणि दहानंतर वारा सुटतो. काँक्रीटच्या पृष्ठभागावरून ताशी चौरस मीटरला 1 किलोपेक्षा जास्त पाणी उडायला लागलं की ओल्या काँक्रीटलाच तडे जायचा धोका सुरू होतो, असं जगभर मानतात. आपल्याकडच्या अशा दुपारी ती मर्यादा सहज ओलांडली जाते. शिवाय काँक्रीटचं तापमान पाच-सहा अंशांनी चढलं की सेट व्हायचा वेळ साधारण एक तृतीयांशाने घटतो. सकाळी साडेआठच्या गाडीला मिळालेली सवड साडेबारानंतरच्या गाडीला मिळणारच नव्हती, आणि गँग तीच, मॅटही तेवढ्याच.

तिसऱ्या-चौथ्या गाडीच्या भागात काय झालं ते गुडघ्यावर बसून पाहिल्याशिवाय कळत नाही. मॅटच्या दगडी ठशाच्या कडेकडेने केसासारख्या बारीक भेगा आहेत, सगळ्या ठशाच्या वळणानेच गेलेल्या. वरून ऊन आणि वाऱ्याने साय धरली होती, खालचा माल अजून मऊ होता. साय धरलेल्या थरावर मॅट दाबली, आणि थर वाकायच्या ऐवजी फाटला. या भागाच्या ताकदीला त्याने धोका नाही, पण प्रत्येक भेगेत धूळ बसते आणि ती काळी दिसते.

पाचव्या गाडीची गोष्ट वाईट आहे. माल ताठ व्हायला लागला म्हणून कुणीतरी गाडीच्या ड्रममध्ये पाणी सोडलं. नंतर ठसा उठेना म्हणून वरून पाणी शिंपडून थापीने घासलं. रंगीत कामात याहून मोठं नुकसान करता येत नाही. कलर हार्डनर म्हणजे सिमेंट, बारीक कठीण वाळू आणि आयर्न ऑक्साइडचा रंग यांची कोरडी पूड. काँक्रीटचं वर आलेलं पाणी सुकल्यावर ती हाताने पेरतात, आधी दोन तृतीयांश आणि मग उलट्या दिशेने उरलेली, प्रत्येक वेळी फ्लोटने आत मुरवून. पृष्ठभागाचे वरचे दोन-तीन मिलिमीटर तीच होते. त्यावर पाणी शिंपडून घासलं की रंग पातळ होऊन वाहतो आणि उरतं ते कमकुवत, भुकटीसारखं साल.

जनरेटरच्या खोलीमागे हार्डनरच्या रिकाम्या गोण्या पडल्या होत्या. मी त्या मोजायला लावल्या. 25 किलोच्या 24 निघाल्या, म्हणजे 600 किलो. 3,200 चौरस फूट म्हणजे जवळपास 297 चौरस मीटर, आणि हार्डनर चौरस मीटरला तीन किलोच्या आसपास लागतो. हिशेबाने 36 गोण्या हव्या होत्या. ठेकेदाराने लपवाछपवी केली नाही. "साहेब, विकणाराच म्हणला दोन किलोत भागतंय. दर खाली ओढला होता मालकांनी, मग तिथंच वाचवलं." विक्रेत्याने तसं सांगितलंही असेल. पण एखाद्या फिक्या छटेला जे कदाचित खपतं ते गडद विटकरीला खपत नाही.

पांढरा थर कुणाचा

भांडण सगळं या पांढऱ्या थरावरून पेटलं होतं, आणि गंमत अशी की तो सगळ्यात जास्त पहिल्या दोन गाड्यांच्या, म्हणजे उत्तम झालेल्या भागावर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयाच्या राखणदाराने तिथे वाफे बांधून बोअरचं पाणी भरलं. त्याला विचारलं तर तो सरळ म्हणाला, "शिमिट हाय, पाणी नाही मारलं तर धरतंय का? मालक म्हणले दाबून पाणी मारा, मारलं की." त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. साध्या स्लॅबला आपण पिढ्यान्‌पिढ्या हेच करतो, आणि ते योग्यच आहे. काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस 456:2000 मध्येही उष्ण-कोरड्या हवेत क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं) किमान 10 दिवस, आणि फ्लाय अ‍ॅश वगैरे मिसळलेलं सिमेंट असेल तर ते 14 दिवसांपर्यंत वाढवावं असं म्हटलंय.

पण रंगीत काँक्रीटला वाफ्याचं पाणी सोसत नाही. ताज्या काँक्रीटमधला चुना पाण्यात विरघळून वर येतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन त्याचा कॅल्शियम कार्बोनेट होतो आणि पांढरा थर बसतो. आपल्या बोअरच्या जड पाण्यातले क्षार त्यात भर घालतात. शिवाय वाफा जिथपर्यंत भरलेला, तिथपर्यंत एक छटा आणि त्यापलीकडे दुसरी. उरलेल्या भागावर प्लॅस्टिक अंथरलं होतं. ते जिथे टेकलं तिथे काळपट आणि जिथे फुगून उचललं गेलं तिथे फिकट, असा नकाशा उमटला होता. अशा कामाला फवारायचं, आतलं पाणी उडू न देणारं पारदर्शक क्युरिंग कंपाउंडच वापरायला हवं, सीलरशी (शेवटी वरून द्यायच्या संरक्षक थराशी) जुळणारं. ठेकेदाराला हे माहीत होतं. त्याने ते राखणदाराला सांगितलं नव्हतं, आणि कागदावर तर कुठेच नव्हतं.

खरा रंग गेलाय की फक्त झाकलाय, हे कळायला एक सोपी चाचणी केली. प्रत्येक भागात तळहाताएवढी जागा आधी पाण्याने भिजवली, मग खूप पातळ केलेलं अ‍ॅसिड लावून नायलॉनच्या ब्रशने घासलं, लगेच खायच्या सोड्याचं पाणी आणि नंतर स्वच्छ पाणी ओतलं. पहिल्या दोन भागांत पांढरं निघालं आणि खालून ताजा विटकरी रंग वर आला. मालकांनी तो डोळ्यांनी पाहिला, त्याने निम्मा ताण तिथेच उतरला. तिसऱ्या-चौथ्यात रंग आला, पण फिका, पेरणी कमी पडल्याचा. पाचव्यात घासलं तशी करडी सिमेंट दिसायला लागली. तिथे रंग उरलाच नव्हता.

तडे

चार तडे होते, पण चारही एका जातीचे नव्हते. तीन तडे उशिरा आणि लांब लांब मारलेल्या कटचे, म्हणजे सांध्यासाठी मशीनने पाडायच्या खाचांचे. 100 मिलिमीटरच्या स्लॅबला अडीच ते तीन मीटरवर सांधा लागतो आणि कट निदान पाव जाडीचा, 25 मिलिमीटर खोल हवा. ठेकेदाराने डिझाइन तुटू नये म्हणून पाच मीटरवर कट आखले, आणि कटर दुसऱ्या साइटवर असल्याने ते तिसऱ्या दिवशी मारले. एप्रिलच्या हवेत त्याच संध्याकाळी मशीन लागायला हवी होती. स्लॅब कुणासाठी थांबत नाही, आपण सांधा दिला नाही तर तो स्वतःच पाडून घेतो. खरं तर दगडी नक्षीच्या रेषेत कट बसवला तर तो दिसतही नाही. त्यासाठी मॅट टाकायच्या आधीच दोरी धरून आखणी करावी लागते.

फाटकाजवळचा चौथा तडा वेगळा. तो सरळ रेषेत होता आणि एका बाजूने थोडा खचलेला. खाली सांडपाण्याची पाइपलाइन गेलीय. ती मालकांच्या प्लंबरने घातली होती आणि चर काळ्या मातीनेच बुजवला होता. मुरूम टाकून, पाणी मारून, थराथराने दाबायला हवा होता. हा तडा ठेकेदाराच्या माथी मारता येत नाही, आणि मी तसं मालकांना तोंडावर सांगितलं.

एक लाख नेमके कशाचे

सगळी पाहणी झाल्यावर मी कोटेशन मागितलं. लेटरहेडवर एक ओळ होती: स्टॅम्प काँक्रीट काम, मटेरियलसह, 125 रुपये चौरस फूट. खाली सही. जाडी नाही, काँक्रीटची ग्रेड (ताकदीची प्रत) नाही, सीलरचे कोट नाहीत, क्युरिंग कुणी करायचं ते नाही. जीएसटीचा तर उल्लेखच नाही.

गाठ तिथेच होती. ठेकेदार एमआयडीसीच्या कामांमुळे जीएसटीत नोंदलेला. त्याने अंतिम बिल केलं तेव्हा 18 टक्क्यांनी 72,000 रुपये वर लावले. मालकांच्या डोक्यात 125 म्हणजे सगळं आलं. ते म्हणाले, चहा पिताना ठरलं तेव्हा कराचं नाव तरी काढलंस का? नंतर पांढरा थर दिसला आणि आधीच दुखावलेल्या माणसाला कारण मिळालं. रंगाचं भांडण खरं होतं, पण ते एवढं ताणलं गेलं ते या 72,000 मुळे. मी बघितलेल्या अडकलेल्या बिलांत असं वारंवार दिसतं. दोष दिसतो फरशीवर, आणि राग साठलेला असतो कागदावर न लिहिलेल्या आकड्याचा.

ठेकेदाराचीही अवस्था समजून घ्यायला हवी. आरएमसीची उधारी डोक्यावर, गँगला उचल दिलेली, पुण्याहून आणलेल्या मॅटचं भाडं चालू. त्याने दर काढताना काँक्रीट, हार्डनर आणि मजुरी धरली. रिलीज पावडर (मॅट चिकटू नये म्हणून टाकायची पूड), मॅटचं भाडं, धुण्यासाठी टँकर, सीलरचा दुसरा कोट आणि नमुना यांना त्या दरात जागाच नव्हती. मग घासाघीस झाली तेव्हा तो कशातून कमी करतोय हे त्यालाच दिसलं नाही, आणि हात गेला थेट हार्डनरच्या गोण्यांवर.

मिटलं कसं

वळण आलं ते मालकांच्या जुन्या धंद्यामुळे. कार्यालयाआधी त्यांचा टॉवेलचा कारखाना होता. मी त्यांना विचारलं, "अण्णा, तुम्ही परदेशी मालाची ऑर्डर घेताना रंगाचं काय करत होता?" ते पटकन म्हणाले, "शेड पास करून घ्यायचो. शेड पास झाल्याशिवाय लॉट लावायचाच नाही. आणि लॉट बदलला की थोडा फरक येणार, तो किती चालेल ते आधी ठरवायचं." बोलता बोलता ते स्वतःच थांबले. मग ठेकेदाराकडे वळून म्हणाले, "तू मला शेड पास करायला दिलीच नाहीस की." त्यानंतर आवाज चढले नाहीत.

ठरलं ते असं. पूर्ण अंगण पातळ अ‍ॅसिडने भाग पाडून धुवायचं, खर्च निम्मा-निम्मा, कारण पाणी मालकांच्या माणसाने भरलं आणि सूचना ठेकेदाराने दिली नाही. तिसऱ्या-चौथ्या भागाला गडद टिंट मिसळलेल्या सीलरने छटा जुळवायची, खर्च ठेकेदाराचा. बारीक भेगा त्यात बऱ्याच झाकल्या जातात. तिन्ही तड्यांवर नक्षीला धरून कट मारून सीलंट भरायचा, तोही त्याचाच खर्च. फाटकाजवळचा चौकोन मालकांच्या खर्चाने, चर नीट भरून. पाचवा भाग ठेकेदाराने फोडून नवा करायचा. कर मधोमध वाटला आणि सगळं करासकट 4,36,000 वर मिटलं. तीन लाख आधीच गेले होते. उरलेल्या 1,36,000 पैकी 80,000 धुऊन-सीलर झाल्यावर, 56,000 पाचवा भाग पास झाल्यावर.

सीलर लावायची घाई मात्र मी करू दिली नाही. पृष्ठभाग आतून ओला असताना अ‍ॅक्रिलिक सीलर मारला की तो खाली दुधाळ होतो आणि मग तो काढायचं काम मूळ कामापेक्षा अवघड. दीड फूट चौकोनी प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून 16 तास ठेवलं. पहिल्यांदा खाली दव जमलं, म्हणून थांबलो. कोरडं निघाल्यावर दोन पातळ कोट दिले, सकाळच्या वेळी, कारण तापलेल्या फरशीवर सीलरला बुडबुडे येतात. दुसऱ्या कोटात घसरू नये म्हणून बारीक ग्रिट मिसळली. लग्नाच्या अंगणात तेल सांडणार आणि नव्या साड्या-चपला घातलेली माणसं चालणार. हळदीचा डाग हा वेगळाच विषय आहे. सीलर नसलेल्या काँक्रीटमध्ये हळद एकदा मुरली की निघणं कठीण. म्हणून हळदीच्या कार्यक्रमाची जागा सतरंजी टाकूनच वापरायची, हे कार्यालयाच्या बुकिंगच्या नियमांत घालायला सांगितलं.

पाचवा भाग पावसाळा सरल्यावर, तुळशीच्या लग्नाआधी केला. जुन्या रंगाशी तो हुबेहूब जुळणार नाही हे आधीच बोललो. सहा महिने उन्हात राहिलेल्या काँक्रीटशेजारी ताजं काँक्रीट कधीच एकजीव दिसत नाही. म्हणून तो भाग मुद्दाम वेगळ्या, कोळशासारख्या गडद करड्या रंगाचा घेतला आणि मांडवाची जागा म्हणून आखला. त्याआधी तीन फूट बाय तीन फुटांचे दोन नमुने केले. तीच ग्रेड, तोच हार्डनर पूर्ण मापाने, अर्ध्यावर सीलर, अर्धा तसाच. आठवडाभर उघड्यावर ठेवून मालकांनी एक पास केला. दोघांनी त्याच्या फोटोवर सह्या केल्या आणि नमुना बिल होईपर्यंत कार्यालयातच राहिला. गाडी पहाटे पाचला लावली, वाऱ्याच्या बाजूला शेडनेट बांधलं. ड्रममध्ये पाणी घालायचं नाही हे चलनावरच लिहून घेतलं. कटर आदल्या रात्रीच साइटवर होता.

ठेकेदाराचं कोटेशन आता दोन पानी आहे. जाडी, ग्रेड, हार्डनर किलोत, सांध्यांची आखणी, क्युरिंग कुणी आणि कशाने, खालचा भराव कुणाचा, छटेत किती फरक चालेल त्याचा नमुना, कर वेगळा. मार्च ते मे या महिन्यांत सकाळी नऊनंतर गाडी रिकामी करणार नाही, हीही त्यात एक अट आहे. या दोन पानांमुळे काही गिऱ्हाइकं परत जातात, असं तो सांगतो. जावीत. त्याचा दरही वाढलाय, आणि तो वाढायलाच हवा होता.

एक मुद्दा शेवटच्या बैठकीत राहिला होता, तो मालकांनीच काढला: सीलर किती वर्षं टिकणार? वापर जास्त असल्याने दोन-तीन वर्षांनी नवा कोट लागेल असं मी सांगितलं. त्यावर ठेकेदाराने तिथेच पुढच्या कोटाचा दर, धुण्याचा खर्च आणि कार्यालय दोन दिवस बंद ठेवण्याची अट एका कागदावर लिहिली. कर वेगळा, हे या वेळी पहिल्या ओळीत होतं. मालकांनी सही केली आणि 56,000 चा चेक त्याच कागदाला टाचून दिला.